"आज व्हायल उघडणार नाही, मंगळवारी या": लसी उशिरा होतायत, काय करू?

प्रश्न आपल्या इंदूरच्याच एका आईचा आहे, सुदामानगरकडच्या. थोडक्यात असा, की मुलगी साडेनऊ महिन्यांची झालीये आणि गोवर-रुबेलाची म्हणजे एमआरची लस काही मिळत नाहीये. सरकारी केंद्रावर तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा "मुलं कमी आलीत, आज व्हायल (लसीची कुपी) उघडणार नाही", दुसऱ्यांदा सिस्टरची ड्यूटी दुसरीकडे लागलेली, तिसऱ्यांदा स्टॉकच संपलेला. प्रायव्हेटमध्ये विचारलं तर तिथेही "दहा-पंधरा दिवसांत येईल". त्याआधी चौदा आठवड्यांचा डोस पाच आठवडे उशिरा झाला कारण तेव्हा त्या पुण्याला माहेरी होत्या आणि बाळाला सर्दी होती. नवरा चिडलाय, सासूबाई म्हणतात आमच्या वेळी कुठे होती ही थेरं, आणि ह्या आईला रात्री झोप नाही की आता सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागणार का.

मी सव्वीस वर्षं लहान मुलांची प्रॅक्टिस करतेय, त्यातली सगळी वर्षं इंदूरातच, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो, कधी रडत कधी भांडत. त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

आधी झोपेचं बघू. नाही, पहिल्यापासून काहीही सुरू करायचं नाही. जिथे थांबलात तिथूनच पुढे जायचं. दिलेला डोस शरीर विसरत नाही, पुढचा डोस पाच आठवडे काय पाच महिने उशिरा मिळाला तरी मागचे मोजायचेच. उलट घाई जास्त नडते हे लोकांना माहीतच नसतं. पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या) दोन डोसांत कमीत कमी चार आठवडे हवेत, आणि कुणी "गावाला जायचंय हो मॅडम, देऊन टाका" म्हणून अडीच-तीन आठवड्यांत घेतला तर तो डोस धरला जात नाही, परत टोचावा लागतो. म्हणजे उशीर भरून काढता येतो पण घाई वाया जाते. तुमचा चौदा आठवड्यांचा डोस एकोणीसाव्या आठवड्यात झाला ना, झाला, विषय संपला. त्या मधल्या पाच आठवड्यांत ती थोडी कमी सुरक्षित होती एवढंच, आणि तो काळ तर निघूनही गेला.

आता मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारते. तीन चकरा मारल्यात, त्या तीन चकरांत बाळाला मिळालं काय?

कार्ड काढून बघा. नऊ महिन्यांच्या रकान्यात एकटी एमआर नसते. न्युमोकोकलचा म्हणजे पीसीव्हीचा (न्यूमोनियावरच्या लसीचा) बूस्टर असतो, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस असतो (हा जानेवारी २०२३ पासून वाढवलाय म्हणून मोठ्या भावंडाच्या जुन्या कार्डावर दिसणार नाही), आणि व्हिटॅमिन ए चा पहिला डोस असतो, एक मिली, चमच्याने पाजायचा. तुम्ही लिहिलंय "तिन्ही वेळा तसंच परत यावं लागलं". तसंच म्हणजे काहीच न घेता? माझा अंदाज आहे की हो, कारण बहुतेक घरी असंच होतं. एक लस नाही म्हटल्यावर माणूस तणतणतो, "मग सगळं एकदमच देऊ" म्हणतो, बाळाला उचलतो आणि रिक्षात बसतो. काउंटरवरच्या सिस्टरलाही तेच सोपं पडतं, एकदाच एंट्री. आणि मग एका लसीच्या उशिरामुळे तीन लसींना उशीर होतो, त्यातल्या दोन फ्रिजमध्ये होत्या, तुमच्यापासून सहा फुटांवर. राग बरोबर आहे तुमचा, मी नाही म्हणत नाही, पण जे आहे ते टोचून घ्या आणि मग भांडा. पुढच्या वेळी मिळालेल्या एमआरला ह्या लसींचा काही अडथळा नसतो, पीसीव्ही आणि पोलिओचं इंजेक्शन ह्या जिवंत लसी नाहीत, त्यांच्यात अंतर पाळायची भानगडच नाही.

व्हायल का उघडत नाहीत ते सांगते, कारण सिस्टर मुद्दाम त्रास देतेय असं वाटतं आणि तसं बहुतेक वेळा नसतं. पेंटा, पीसीव्ही, पोलिओचं इंजेक्शन ह्यांच्या कुप्या एकदा उघडल्या तरी नीट थंड ठेवल्या तर अठ्ठावीस दिवस वापरता येतात. एमआर आणि बीसीजीचं (ही क्षयाची लस) तसं नाही. ती पावडर असते, त्यात वेगळ्या कुपीतलं पाणी मिसळावं लागतं, आणि एकदा मिसळलं की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. नीट बघितलंत तर सिस्टर कुपीवर बॉलपेनने वेळ लिहितात, १०.४० असं काहीतरी, ती ह्याचसाठी. त्यात जंतू मारणारं काही घातलेलं नसतं (घातलं तर लसीतला जिवंत विषाणूही मरेल), म्हणून हात लागला, सुई गेली, ऊन लागलं की त्यात जंतू वाढू शकतात. २०१७ साली दक्षिण सुदानमध्ये गोवराच्या मोहिमेत एकच सिरिंज चार दिवस वापरली आणि लस थंड ठेवली नाही, पंधरा लहान मुलं गेली. तेव्हा "काल उघडलेलीच द्या ना" असं कधी चुकूनही म्हणू नका.

बीसीजीच्या एका कुपीत दहा मुलांचे डोस, एमआरच्या पाच किंवा दहा मुलांचे. एका मुलासाठी उघडली तर बाकीचे डोस दुपारी कचऱ्यात. वरून हिशोब विचारतात, वेस्टेज इतकं का झालं, आणि बिचारी सिस्टर घाबरते. पण नियम काय आहे ते ऐका: एकच मूल आलं तरी कुपी उघडायची, मुलं जमायची वाट बघत आलेल्या मुलाला परत पाठवायचं नाही. हे सिस्टरला माहीत असतं. तुम्हालाही माहीत आहे असं शांतपणे, आवाज न चढवता सांगितलंत ना, की निम्म्या वेळा कुपी उघडते. आणि न उघडली तर "मग कोणत्या वारी नक्की उघडणार" हे विचारून, कार्डावर तारीख लिहूनच घ्या. आपल्याकडे सरकारी टीकाकरण मंगळवार-शुक्रवार असतं, त्यातल्या एका वारी बरेच जण एमआरची मुलं एकत्र करतात.

(टीकाकरण म्हटलं की मला अजून हसू येतं. माझी नागपूरची मावशी एकदा क्लिनिकमध्ये बसली होती, बाहेरून कुणीतरी ओरडलं "मॅडम, इसको टीका लगाना है", आणि ती दचकून म्हणाली, अगं एवढ्याशा बाळावर कसली टीका करतायत.)

स्टॉकचं दुखणं मात्र वेगळं, आणि तिथे तुमच्या सिस्टरच्या हातात खरंच काही नसतं. लस म्हणजे क्रोसिनची गोळी नाही की दोन शिफ्ट जास्त चालवून आठवड्यात काढली. विषाणू वाढवायचा, गोळा करायचा, शुद्ध करायचा, ह्यात महिने जातात. मग प्रत्येक बॅच हिमाचलात कसौलीच्या सेंट्रल ड्रग्ज लॅबोरेटरीतून पास झाल्याशिवाय बाजारात येत नाही. एखाद्या बॅचला तिथे वेळ लागला की इकडे इंदूरात तुमच्यासारख्या आया चकरा मारत बसतात, कारण कुणी सांगत नाही. सरकारी लस पुढे कर्नाल, मुंबई, चेन्नई, कोलकात्याच्या मोठ्या डेपोतून राज्यात, भोपाळहून विभागात, मग जिल्ह्यात, मग तुमच्या केंद्राच्या आयएलआरमध्ये, म्हणजे तो आडवा पेटीसारखा फ्रिज असतो ना, त्यात. सगळीकडे दोन ते आठ डिग्री. बहुतेक वेळा लस शहरात असते, तुमच्या केंद्रात नसते. म्हणून "स्टॉक संपला" ऐकलं की पुढचा प्रश्न हा विचारायचा की "जवळच्या कोणत्या केंद्रात आहे?" आता कुठे किती कुप्या पडल्यात हे कॉम्प्युटरवर दिसतं, ईव्हिन म्हणतात त्या सिस्टीमला, मेडिकल ऑफिसरने मनात आणलं तर दोन मिनिटांत सांगतो. आणि कार्ड दुसऱ्या केंद्राचं आहे, दुसऱ्या शहराचं आहे म्हणून लस नाकारायचा कुणालाही अधिकार नाही. पुण्याचं कार्ड इंदूरात चालतं, इंदूरचं पुण्यात. पहिलटकरीण माहेरी जाणार, तीन महिन्यांनी सासरी येणार, ही आपली रीत काय आज पडलीये का, पण अजूनही "हमारे रजिस्टर में नहीं है" ऐकून माझ्याकडे मुली रडत येतात.

प्रायव्हेटच्या उशिराला तर निम्मे आपणच जबाबदार असतो. सहा-एकची (सहा रोगांवरची एकत्र) पेनलेस हवी, तीच कंपनी हवी, मागचे दोन डोस तिचे झालेत म्हणून तिसराही तिचाच हवा. एकच कंपनी मिळाली तर छानच, पण नसेल तर दुसऱ्या कंपनीची घ्यायची, सरकारी पेंटा घ्यायची, चालतं. पेनलेसमध्ये डांग्या खोकल्याचा भाग शुद्ध केलेला असतो म्हणून ताप कमी येतो हे खरं, पण सरकारी पेंटातल्या अख्ख्या जंतूच्या लसीचं संरक्षण जास्त टिकतं हेही तितकंच खरं, आणि हे मी ताप येणाऱ्या लसीला विकायला बसले नाहीये, ती तर फुकट आहे. एका रात्रीचा ताप वाचवायला बाळाला दीड-दोन महिने डांग्या खोकल्यासमोर उघडं ठेवणं हा सौदा मला कधीच पटला नाही. दोन महिन्यांच्या बाळाला डांग्या खोकला झालेला ज्याने बघितलाय, खोकता खोकता निळं पडून श्वासच थांबतो, तो पेनलेसची वाट बघत नाही.

ह्याच्यावरून एक बाबा आठवले. मे महिना, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि हे भले गृहस्थ व्हॉट्सॲपवर कळलं म्हणून उज्जैनहून मोटरसायकलवर लस घेऊन आले. थर्मासमध्ये बर्फ ठासून भरलेला आणि त्यात डबी खोचलेली. घामाने भिजलेला माणूस, चेहऱ्यावर युद्ध जिंकल्याचा आनंद. मी कुपी हातात घेतली तर कडक, गोठलेली. वितळू दिली, हलवली आणि टेबलावर ठेवली, शेजारी माझ्या फ्रिजमधली तशीच एक कुपी हलवून ठेवली. पंधरा-वीस मिनिटांत त्यांच्या कुपीत तळाशी पांढरे कण बसले आणि वर पाणी निवळलं, माझी मात्र दुधाळच. गोठली की लसीतल्या ॲल्युमिनियमच्या गुठळ्या होतात आणि लस कामातून जाते. इतके हजार रुपये, इतकं ऊन, आणि मला ती कचऱ्यात टाकावी लागली. त्यांनी जे तोंड केलं ते मला अजून दिसतं. लोकांना वाटतं लसीला फक्त उष्णतेचा धोका, पण पेंटा, पीसीव्ही, कावीळ बी ह्यांना बर्फ जास्त मारतो. तेव्हा केमिस्टकडून स्वतः आणायच्या भानगडीत पडू नका, जिथे टोचणार तिथल्याच फ्रिजमधली घ्या, आणि हो, फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का हे डॉक्टरला बिनधास्त विचारा, मला विचारलेलं आवडतं.

मग कुठला उशीर खरंच चालत नाही? फार थोडे आहेत. जन्मानंतरचा कावीळ बीचा डोस चोवीस तासांत हवा, कारण आईकडून बाळाला जायचा धोका बाळंतपणातच असतो. बीसीजी वर्षाच्या आत. रोटाव्हायरसचे (जुलाबांवरचे) थेंब, ह्याला वयाचं बंधन कडक आहे, प्रायव्हेटमध्ये पहिला डोस पंधरा आठवड्यांच्या आत सुरू करतात, सरकारी कार्यक्रमात वर्षापर्यंत चालतो, पण त्यानंतर गाडी सुटली ती सुटलीच. पीसीव्हीचं गंमतशीर आहे, प्रायव्हेटच्या वेळापत्रकात सात महिन्यांनंतर सुरू केली तर सुरुवातीचे डोस तीनाऐवजी दोनच लागतात आणि मग बूस्टर, पण म्हणून मुद्दाम थांबण्यात अर्थ नाही कारण न्यूमोनिया त्या पहिल्या महिन्यांतच जास्त घात करतो. आणि गोवर. एमआर पाच वर्षांपर्यंत देता येते, म्हणून तुमचं काही हुकलेलं नाही, पण ह्या लसीला मी सगळ्यात जास्त मागे लागते. आईकडून मिळालेलं संरक्षण नऊ महिन्यांपर्यंत संपत आलेलं असतं, आणि गोवर इतका पसरतो की रोगी खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांनी आत येणाऱ्या मुलालाही पकडू शकतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत काय झालं ते आठवत असेल, गोवंडी भागात मुलं गेली, त्यातली कितीतरी लस राहून गेलेली. म्हणून सरकारी एमआर आणि प्रायव्हेट एमएमआर ह्यात जी आधी मिळेल ती घ्या, त्याच दिवशी. एमएमआरमध्ये गालगुंड जास्तीचं आहे एवढाच फरक, पुढचा डोस कुठलाही घेतला तरी चालतो. आणि ह्या वाट बघण्याच्या दिवसांत शेजारीपाजारी कुणाला गोवर निघालाच तर घरी बसून देव पाण्यात ठेवू नका, संपर्कानंतर बहात्तर तासांच्या आत लस टोचली तर बऱ्याचदा आजार टळतो, तेव्हा सरळ केंद्रातल्या डॉक्टरला हे कारण सांगा, मग कुपीही उघडते आणि स्टॉकही सापडतो.

सर्दीचं एका ओळीत: नाक वाहतंय, थोडा खोकला, दात येतायत, जुलाब झालेत, अंग किंचित कोमट आहे, ह्यातल्या कशासाठीही लस पुढे ढकलायची नाही. सपाटून ताप असेल, मूल मलूल असेल तरच थांबायचं. महिनाभर आधी जन्मलेल्या मुलाचंही वय जन्मतारखेपासूनच मोजायचं. आणि पितृपक्ष चालू आहे म्हणून लस पंधरा दिवस पुढे ढकलणाऱ्यांना मी काय बोलते ते इथे लिहीत नाही.

माझी भाची न्यू जर्सीला असते, तिने २०२२ च्या फेब्रुवारीत मला असाच रात्री फोन करून वैताग काढला होता. तिचा मुलगा अडीच वर्षांचा, डे-केअर सारखं बंद पडायचं, आणि पाच वर्षांखालच्या मुलांची कोविडची लस एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) मीटिंगच्या चार दिवस आधी पुढे ढकलली. फायझरचे तीन मायक्रोग्रॅमचे दोन डोस दोन ते चार वर्षांच्या मुलांत पुरेसे ठरले नव्हते म्हणून तिसऱ्या डोसचा डेटा येऊ द्या म्हणाले, शेवटी जूनमध्ये मिळाली. तिला मी तेव्हा हेच सांगितलं की हा उशीर तुझ्या मुलासाठी आहे, चिडू नकोस. तुम्हाला मी तसं सांगू शकत नाही. एमआर ही जुनीजाणती, आपल्याच देशात बनणारी लस आहे, तिच्याबद्दल शोधायचं काही उरलेलं नाही, ती तुमच्या मुलीला तीन चकरा मारूनही मिळाली नाही ह्यात व्यवस्थेची ढिलाई आहे आणि त्यावर चिडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त तो राग त्या खिडकीतल्या सिस्टरवर काढून उपयोग नाही. केंद्राच्या मेडिकल ऑफिसरला भेटा, नाही ऐकलं तर जिल्हा टीकाकरण अधिकाऱ्याकडे जा, आणि १८१ ला, सीएम हेल्पलाइनला, तारखांसकट तक्रार नोंदवा: ह्या ह्या तारखेला गेले, हे कारण सांगितलं. तारखा असल्या की तक्रारीला वजन येतं.

त्याहून एक सोपी युक्ती आहे, माझ्या क्लिनिकमधल्या दोन आयांनीच काढलेली. बिल्डिंगच्या, कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाका, कुणाच्या मुलाची एमआर राहिलीये? नऊ महिन्यांचीच हवीत असं नाही, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस असतो, तीही मुलं मोजायची. चार-पाच सापडतातच. नावं आशाताईंना आदल्या दिवशी कळवा की मंगळवारी दहाला आम्ही पाच जणी येतोय. ह्यानंतर कोण म्हणेल व्हायल उघडणार नाही?

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचं वय सत्तरीच्या आसपास असेल तर एक करा, चहाच्या वेळी सहज म्हणा, "आई, दंड दाखवा हो जरा." वर एक गोल, खळगा पडल्यासारखा व्रण असेल, बीसीजीपेक्षा मोठा. त्यांच्या वेळी "देवी काढल्या" म्हणायचे ना, तो. त्या दुखणाऱ्या, पिकणाऱ्या टोचणीमुळेच १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी राहिला नाही. आमच्या छत्रीबागेतल्या घरी आजी शीतळासप्तमीला चूल पेटवायची नाही, शिळं खायची, देवीची मनधरणी करायची, आणि त्याच आजीने सगळ्या नातवंडांना धरून नेऊन देवी काढवल्या होत्या. दोन्ही करायची. लस त्यांच्या वेळीही होती, फक्त आजच्याइतक्या लसी नव्हत्या.

आता मंगळवारचं. कार्ड न्या, मोबाइल न्या (यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लसनोंदणीत, एंट्री झाली का तिथेच बघून घ्या, पुढे पुण्याला गेलात तर कटकट नाही). एमआर नसली तरी पीसीव्ही, पोलिओ आणि व्हिटॅमिन ए घेतल्याशिवाय उठू नका. तीन-तीन इंजेक्शनं एका दिवशी बघून पोटात कालवतं माहितीये, पण तिला एकदाच रडू दे, तीनदा नको. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, अंगावर पाजायचं असेल तर पाजा. आणि एक लक्षात ठेवा, एमआरचा ताप पेंटासारखा त्याच रात्री येत नाही, आला तर सहाव्या-सातव्या दिवसापासून दहा-बारा दिवसांपर्यंत कधीही, कधी अंगावर बारीक पुरळ घेऊन, आणि दोन दिवसांत जातो. तोपर्यंत सगळे लस विसरलेले असतात आणि मला रात्री अकराला फोन येतो, "मॅडम, अचानक ताप कशाने आला?"